कोरडं वंगण जरूर लावा, पण गंजाची सोय वेगळी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्याआधीच्या घरदुरुस्तीवर लेख आला आहे. कौलं, पन्हळी, वायरिंग यांविषयी लिहिलंय ते योग्यच. पण खालच्या चौकटीत तीन सल्ले आहेत. कुलूप जड झालं तर त्यात पेन्सिलीची पूड सोडावी आणि वरून दोन थेंब तेल. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना ग्राफाइट चोळावं. आणि शेतीसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक असेल तर तिला ‘ड्राय स्प्रे’, म्हणजे कोरड्या वंगणाचा फवारा, मारून निश्चिंतपणे पेटीत ठेवून द्यावी. लेखकाचं घर घाटावर असावं. देवगड-मालवणकडे हे सल्ले पाळले तर कुलूप अडकून बसेल, खिडकीच्या पट्टीवर पांढरी भुकटी धरेल आणि बंदूक गणपतीपर्यंत तांबूस होईल. म्हणून हे पत्र. जमलं तर मृगाआधी दुरुस्तीची एक चौकट छापावी.

माझं जामसंड्यात लेथ आणि फिटिंगचं दुकान आहे. कुलपं, शटरं, शिलाई मशिनी, होडीच्या कप्प्या, आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या गाड्यांची बिजागरं, सगळं येतं. बंदुकीचं काम दुकानात घेत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो, आणि तो माझ्याकडे नाही. पण घरात वडिलांच्या वेळची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) आणि नंतर घेतलेली बारा बोअरची दुनळी अशा दोन बंदुका माझ्या परवान्यावर आहेत, त्यामुळे त्यांची निगा मलाच राखावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, म्हणजे माझा कोटा भरला. केलडी (माकडं) आणि रानडुकरं बागेत शिरतात तेव्हा बार काढायचा तो आवाजापुरता. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, तो विषय इथे नको.

आता मुद्द्यावर येतो. वंगणाचं काम म्हणजे एकमेकांवर घासणारे दोन भाग सुरळीत सरकवणं. गंजरोधकाचं काम म्हणजे पाणी, मीठ आणि हवा लोखंडापर्यंत पोचू न देणं. तेल आणि ग्रीस ही दोन्ही कामं थोडीफार एकदम उरकतात, त्यामुळे आपल्याकडे दोन्हींचा हिशेब एकाच खात्यावर मांडला जातो. कोरडं वंगण बहुतेक वेळा पहिलंच काम करतं. ते लावून झालं की वस्तू हाताला कोरडी लागते, बोटाला डाग पडत नाही, आणि माणसाला वाटतं की आता चिंता मिटली. कोकणात खरी चिंता त्यानंतर सुरू होते.

याचं कारण आपली हवा. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्या रेषेखाली क्वचितच येते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेला मिठाचा बारीक थर घरातल्या प्रत्येक लोखंडी वस्तूवर असतोच, डोळ्यांना दिसत नाही एवढंच. पावसाळ्यात तो थर चार महिने ओला राहतो. पाऊस थेट लागायची गरजच नाही, कपाटातली वस्तूसुद्धा गंजते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण बंद पेटीतल्या वस्तूला मारतो तो पाऊस नव्हे, हा ओला थर.

बाजारात कोरडी वंगणं म्हणून मुख्यतः तीन मिळतात आणि तिघांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

पहिलं ग्राफाइट. हा कार्बनच, पण पातळ थरांचा. पानपट्टीवाल्याकडच्या ओल्या पानांच्या चळतीसारखे ते थर एकावरून एक घसरतात, आणि घसरायला त्यांनाही ओल लागतेच. हवेतली वाफ थरांच्या कडांवर बसते म्हणून ग्राफाइट गुळगुळीत वागतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानं खूप उंचावरून उडायला लागली तेव्हा त्यांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश (फिरत्या भागावर घासून वीज उचलणारे ग्राफाइटचे ठोकळे) भराभर झिजून भुगा व्हायला लागले. तिथली हवा विरळ आणि कोरडी, वाफच नाही, त्यामुळे ग्राफाइट घासायला लागलं. आपल्याकडे वाफेची ददात नाही, म्हणजे वंगण म्हणून ग्राफाइट इथे उत्तम चालतं. अडचण दुसरीकडे आहे. ग्राफाइट विजेचं वाहक आहे, आणि खाऱ्या पाण्यात ते लोखंड, जस्त किंवा अ‍ॅल्युमिनियमला चिकटून असलं की बॅटरी तयार होते. त्या बॅटरीत ग्राफाइटला काही होत नाही, धातू खाल्ला जातो. विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर शिसपेन्सिलीनं खूण करायला मनाई असते ती याचसाठी. मग आपण समुद्राकडे तोंड असलेल्या खिडकीच्या पट्टीत ते मुद्दाम का भरायचं? गॅल्व्हनाइज्ड गेटच्या रुळालाही नको, आणि होडीच्या आउटबोर्ड इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या घरालाही नको.

दुसरं मॉलिब्डेनम डायसल्फाइड. दुकानात याला नुसतं ‘मॉली’ म्हणतात. दिसायला ग्राफाइटसारखंच करडं-काळं, पण स्वभाव उलटा. याला कोरडेपणा मानवतो. निर्वात जागेत ते फार सुंदर काम करतं, म्हणून अवकाशयानांच्या सांध्यांत वापरतात. दाब कितीही असो, थर टिकतो. साध्या हवेत साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान सोसतं. पण दमट हवेत घर्षण वाढतं, आणि ओल फार दिवस राहिली तर त्यातल्या गंधकापासून आम्ल सुटून पोलाद खराब होऊ शकतं. म्हणून कोकणात नुसती मॉलीची पूड वापरावी असं मी सांगणार नाही. ग्रीसमध्ये कालवलेली मॉली ही मात्र सोन्यासारखी वस्तू आहे, कारण ओल अडवायचं काम ग्रीस करतं.

तिसरं पीटीएफई, म्हणजे आपलं टेफ्लॉन. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट नावाच्या रसायनतज्ज्ञाला शीतकरणाच्या वायूवर काम करताना ते योगायोगानं सापडलं. ते कशाशीच रासायनिक क्रिया करत नाही, वीज वाहत नाही, पाणी धरत नाही. त्यामुळे समुद्रकाठी तिघांत सर्वांत निरुपद्रवी हेच. साधारण २६० अंशांपर्यंत टिकतं. त्याच्या खूप वर तापलं तर विषारी धूर निघतो, तेव्हा स्प्रे मारून झाल्यावर हात न धुता विडी-सिगारेट पेटवू नये. पण फवारलेला पातळ थर सच्छिद्र असतो. त्यातून पाणी पोलादापर्यंत उतरतं, आणि वरून टेफ्लॉन गुळगुळीत असताना खालून गंज धरतो. पेटीत ठेवलेल्या बंदुकीचं असंच होतं.

डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा आता प्रत्येक हार्डवेअरमध्ये असतो. अमेरिकेत सॅन दिएगोला १९५३ मध्ये तो तयार झाला, पाणी हुसकण्यासाठी. नावातला ४० हा चाळिसाव्या प्रयत्नाचा आकडा. ओलं झालेलं काही सोडवायला तो छान आहे. पण ते कोरडं वंगण नव्हे आणि चार महिने टिकणारा गंजरोधकही नव्हे. त्याच कंपनीचे टेफ्लॉनचे आणि सिलिकॉनचे वेगळे डबे येतात. रंग बघून उचलू नका, डब्यावर काय छापलंय ते वाचा.

कुलपाचं सांगतो, कारण तेच सर्वांत जास्त येतं. परवा एक आजोबा पितळी कुलूप घेऊन आले. “कुलूप काय उघडणा नाय, तेल घालून घालून दमलंय.” खोललं. पिना ज्या भोकांत वरखाली व्हायला हव्यात त्या भोकांत काळपट, घट्ट लगदा बसलेला. बोटांत चोळून पाहिला तर आत कच होती. घरातल्या नातवंडाची पेन्सिल तासून पूड घातलेली, त्यावर खोबरेल, त्यावर शिलाई मशीनचं तेल, आणि या सगळ्यावर मे महिन्याची जांभ्याची धूळ. एक पिन वर अडकली होती ती चिमट्यानंसुद्धा हलेना, रॉकेलमध्ये भिजत ठेवावी लागली. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइटबरोबर चिकणमाती असते. एचबीमध्ये जास्त, सहा-बीमध्ये कमी, पण असतेच. आणि जांभ्याच्या धुळीत लोखंडाचा ऑक्साइड असतो. सोनार दागिन्याला चकाकी आणायला जी तांबडी पूड वापरतात तीही लोखंडाचा ऑक्साइडच. तेलात कालवली की ती पिना घासत राहते. खोबरेलाबद्दलही एक शब्द: त्यातल्या आम्लांनी पितळ हिरवं पडतं. गोडेतेल तर हवेत राहून चिकट होतं. देवघरातल्या समईत दोन्ही शोभतात, तिथेच ठेवावीत.

पितळी कुलपाला बारीक ग्राफाइटची पूड चालते, फक्त पूडच, आणि तीही चिमूटभर. किल्लीवर लावायची, किल्ली आत घालून चार-सहा वेळा फिरवायची, बाहेर काढून पुसायची. आधी तेल घातलेलं असेल तर ते पूर्ण धुऊन काढल्याशिवाय पूड घालू नये. बाहेरच्या फाटकाचं लोखंडी कुलूप असेल आणि घर समुद्रापासून जवळ असेल तर ग्राफाइट नको, टेफ्लॉनचा स्प्रे मारा आणि कुलपावर रबराची टोपी लावा. दर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा मारावा लागेल. कोरड्या थराची हीच गोम आहे. तेल घासून बाजूला गेलं तर परत वाहून जागेवर येतं. कोरडा थर झिजला की झिजला.

म्हणूनच ज्या गोष्टी सतत फिरतात त्यांना कोरडं वंगण लावायचं नसतं. शिलाई मशीनला मशीनचंच तेल. पंख्याच्या बेअरिंगला ग्रीस. होडीच्या कप्पीला आणि विंचला (दोर ओढायच्या चरकाला) भरपूर ग्रीस, आणि १ जूनला मासेमारी बंद झाली की होडी वर ओढल्यावर जुनं ग्रीस काढून नवं. आमच्याकडे काही जण विंच ‘स्वच्छ राहावी’ म्हणून टेफ्लॉन मारतात. स्वच्छ राहते खरी, पण नारळी पौर्णिमेला फिरत नाही.

उलट जिथे हालचाल थोडी, धूळ फार आणि डाग नको, तिथे कोरडंच बरं. दुकानाच्या शटरच्या बाजूच्या पट्ट्या, कपाटाचे खण, सरकत्या खिडक्या, रेनकोटची आणि दप्तराची चेन. चेनला आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडी खिडकीला साधी मेणबत्ती घासली तरी पुरतं. साबण घासायची जुनी पद्धत आहे, पण साबण ओल धरतो आणि जवळचे स्क्रू गंजतात. खिडक्यांना सिलिकॉनचा स्प्रेही चालतो, फक्त रंगकाम व्हायचं असेल तर आधी नको. सिलिकॉन बसलेल्या जागी रंग धरत नाही, मग रंगाऱ्याला शिव्या घालून उपयोग नाही.

बंदुकीवर जरा सविस्तर लिहितो, कारण तिथली चूक महागात जाते. काहीही करण्याआधी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडून, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. दुनळीत कोरड्या वंगणाची खरी जागा एकच, फायरिंग पिन (काडतुसावर आदळून बार उडवणारी कांडी) आणि तिचं भोक. तिथे तेल गेलं की जळलेल्या दारूची काजळी त्यात बसते, पिन मंदावते आणि बार चुकतो. शिवाय तेल झिरपून काडतुसाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीपर्यंत पोचलं तर टोपी निकामी होऊ शकते. तेव्हा पिन कोरडी, फार तर टेफ्लॉनचा पातळ थर. बंदूक मोडते ती बिजागरी, तिच्या बाजूचे घासणारे गाल आणि वरच्या खटक्याखालची जागा इथे मॉली घातलेलं ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढं. इथे कोरडा थर पुरत नाही, दर वेळी सगळा दाब त्याच जागेवर येतो.

काडतूस बसतं ती जागा बार काढताना पूर्ण कोरडी हवी. तेल नको, ग्रीस नको आणि टेफ्लॉनही नको. बार होतो तेव्हा काडतुसाचं कवच फुगून नळीच्या भिंतीला धरतं आणि मागचा धक्का थोडा तिथेच अडतो. भिंत बुळबुळीत असेल तर तो सगळा धक्का बंदुकीच्या मागच्या पाटावर येतो. गुळगुळीत म्हणजे चांगलं हा हिशेब इथे लागू नाही. नळीत पावसाळ्यासाठी तेल लावून ठेवलं असेल तर तेही बार काढण्याआधी कोरड्या चिंधीनं पुसलं पाहिजे.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट निराळी. काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन रूपात मागे उरतं, आणि ते क्षार हवेतलं पाणी ओढतात. म्हणजे समुद्राचं मीठ बाहेरून आणि दारूचे क्षार आतून. त्यावर कुठलंही कोरडं वंगण मारणं म्हणजे गंज आत कोंडणं. खनिज तेल थेट मारलं तर राखेशी मिळून डांबरासारखा थर होतो. उपाय जुनाच आहे: कढत पाणी. नळी आणि निपल (टोपी बसते ते बोंड) कढत पाण्यानं धुवायचं, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत गज फिरवायचा, नळी गरम असतानाच कोरडी करायची आणि मग तेल. माझे वडील मेण आणि चरबी एकत्र कढवून ठेवत. ती डबी आता रिकामी आहे, पण पद्धत चुकीची नव्हती.

चार महिने पेटीत ठेवायची बंदूक असेल तर बाहेरून आणि नळीतून गंजरोधक तेलाचा सलग हात हवा. कातडी म्यानात ठेवू नका, कातडं ओल धरतं. लोखंडाला बोटं लावली असतील तर तिथे पुन्हा पुसा, घामात मीठ असतंच. दस्त्याच्या लाकडाला जवसाचं तेल. महिन्यातून एकदा पावसाची उघडीप असेल त्या दिवशी बाहेर काढून बघा.

निवडणुकीचं वेगळं लिहितो. आचारसंहिता लागली की आपल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, आपल्याकडे मतदान ७ मेला झालं आणि आचारसंहिता ६ जूनला उठली, म्हणजे बंदुका हातात यायच्या वेळी पाऊस दारात. पुन्हा १५ ऑक्टोबरला विधानसभेची. तिथे आपल्या बंदुकीला तेल लावायला कोणी बसलेलं नाही, आणि ते त्यांचं कामही नव्हे. जमा करायला नेताना कोरडा स्प्रे मारलेली, चकचकीत बंदूक नेणारे मी पाहिलेत. परत आली तेव्हा नळीच्या तोंडाशी गंजाची कडी होती. जाडसर तेलाचा हात मारून न्या, पावतीवर थोडा डाग पडला तरी चालेल.

कोरडा स्प्रे लावायचाच असेल तर नीट लावा. आधीचं तेल पूर्ण काढा, थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, दारं-खिडक्या उघडून आणि चुलीपासून लांब. पृष्ठभाग खडखडीत वाळू द्या. पावसाळ्यात तो वाळत नाही, म्हणून हे काम मे महिन्यातच उरका. डबा चांगला हलवा, नाहीतर नुसता द्रव येतो आणि पूड तळाशी राहते. पातळ हात मारा, द्रव उडून जाईपर्यंत थांबा, मग दुसरा. जास्तीची पूड मऊ कापडानं घासून काढा. तेलाच्या थरावर मारलेला कोरडा स्प्रे कशालाच चिकटत नाही. भट्टीत पक्के करायचे मॉलीचे लेप मिळतात, ते तासभर दीड-दोनशे अंशांवर भाजावे लागतात. आईच्या ओव्हनमध्ये तो प्रयोग करू नये.

शेवटी शाळा-क्लबांतल्या एअर रायफलींबद्दल. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये नेमबाज स्वप्नील कुसाळे यांना कांस्य मिळाल्यापासून गावोगावी मुलं रेंजवर जायला लागली आहेत, चांगलंच आहे. पण हवेच्या टाकीवर चालणाऱ्या रायफलीच्या झडपेत किंवा भरण्याच्या तोंडात कुणी पालक प्रेमानं मशीनचं तेल सोडतात. तिथे हवा इतक्या दाबाने दाबली जाते की ती तापते आणि खनिज तेल पेट घेऊन स्फोट होऊ शकतो. स्प्रिंगच्या रायफलीतही पिस्टनपुढे तेल गेलं तर ते पेटतं आणि रबर जळतं. रबराच्या कड्यांना फक्त सिलिकॉनचं ग्रीस, तेही बनवणाऱ्यानं सांगितलेल्या जागीच, आणि टाकीची झडप उघडायची असेल तर ती जाणकाराकडे न्यावी.

आपला,
एक फिटर
जामसंडे, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग